एसयूव्हीला विंटर टायर घ्यायचेत? आधी ड्रायव्हरचं दार उघडा

कॅनडात, ओंटारियोतल्या मिसिसागामध्ये (टोरंटोच्या शेजारी) नोव्हेंबरातला एक शनिवार, बाहेर दोन डिग्री, मी ड्राइव्हवेवर गुडघे टेकून बसलोय, गाडी जॅकवर, पुढचं चाक काढून बाजूला ठेवलंय आणि नवीन घेतलेलं (म्हणजे दुसऱ्याने दोन सीझन वापरलेलं) विंटर टायरचं चाक उचलून लावतोय. पाचही भोकं पाच बोल्टवर अगदी बरोबर आली, मी मनात म्हटलं वा, आणि चाक आत ढकललं तर ते हबला (गाडीचा मधला गोल भाग, ज्यावर चाक बसतं) टेकेचना. फिरवून बघितलं, बुक्की मारून बघितली, खालून पायाने दाबून बघितलं, काही नाही. शेवटी मोजपट्टी आणली तेव्हा कळलं की चाकाच्या मधलं मोठं भोक आहे ना, तेच चार मिलिमीटरने छोटं आहे. ती चाकं होती टोयोटा राव-फोरची आणि माझी गाडी होंडा सीआर-व्ही. दोन्हीचे बोल्ट ५ बाय ११४.३ (पाच बोल्ट, ११४.३ मिमीच्या वर्तुळावर), १७ इंची रिम दोन्हीला चालते, जाहिरातीत फोटोही मस्त, पण टोयोटाचं मधलं भोक ६०.१ मिमी आणि होंडाचा हब ६४.१. बायको दारात चहा घेऊन उभी होती, तिने एकच विचारलं, "घ्यायच्या आधी दारावरचा स्टिकर बघितला होतास का?" नव्हता बघितला.

म्हणून हे लिहितोय, कारण दरवर्षी दिवाळी आली की इथल्या ओळखीच्या मंडळींचे तेच तेच फोन सुरू होतात, अरे माझ्या गाडीला कुठले टायर घेऊ, दुकानवाला म्हणतो हे चालतील, मित्र म्हणतो ते चालतील. ब्रँड कुठला हा प्रश्न नंतरचा हो, आधी साईज. साईज बरोबर असेल तर ब्रँडमध्ये थोडं इकडेतिकडे झालं तरी निभावतं, साईज चुकली तर जगातला सगळ्यात भारी टायरसुद्धा गॅरेजमध्ये धूळ खात पडतो.

पहिलं काम, ड्रायव्हरचं दार उघडा आणि दाराच्या चौकटीच्या खांबावर बघा, तिथे एक पांढरा-पिवळा स्टिकर असतो. त्यावर पुढच्या चाकाची साईज, मागच्या चाकाची साईज, स्टेपनीची साईज आणि हवा किती भरायची ते लिहिलेलं असतं. दसऱ्याला आपण गाडीला हार घालतो, नारळ फोडतो, त्याच दिवशी हा स्टिकरचा फोटो काढून फोनमध्ये ठेवायचा, मी तर आता तसंच करतो. आत्ता गाडीवर जे टायर चढवलेत त्यांच्यावरचा नंबर बघून ऑर्डर देऊ नका, विशेषतः गाडी सेकंडहँड घेतली असेल तर. आधीच्या मालकाने हौसेने मोठ्या रिम्स टाकल्या असतील, किंवा स्वस्तात मिळाले म्हणून भलत्याच साईजचे टायर चढवले असतील, तुम्हाला काय माहीत. कंपनीने ज्या साईजवर गाडी पास केली ती स्टिकरवर असते.

आता तो नंबर वाचायचा कसा. माझी गाडी २०१९ ची सीआर-व्ही, ईएक्स मॉडेल, तिच्या टायरची साईज २३५/६० आर१८ १०३एच. २३५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे टायरच्या भिंतीची, म्हणजे साइडवॉलची उंची, पण मिलिमीटर नव्हे, रुंदीच्या ६० टक्के. इथेच बहुतेकांचा घोळ होतो, कारण रुंदी बदलली की तोच ६० वेगळी उंची देतो. आर म्हणजे रेडियल, आता सगळेच रेडियल असतात त्यामुळे ते सोडून द्या. १८ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. एकाच नंबरात मिलिमीटर, टक्के आणि इंच, कोणाच्या डोक्यातून निघालंय देव जाणे, पण जगभर हेच चालतं. पुढचा १०३ म्हणजे लोड इंडेक्स आणि एच म्हणजे वेगाची मर्यादा, त्यावर नंतर येतो.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे स्टिकरवरचीच साईज विंटरमध्ये घ्यायची, विषय संपला. पण एसयूव्हीवाल्यांना एक चांगली सोय असते आणि ती माहीत नसली की उगाच पैसे जातात. आजकालच्या एसयूव्ही १८, १९, २० इंची चाकांवर येतात, दिसायला रुबाबदार, पण त्या साईजचे विंटर टायर महाग, आणि वरच्या साईजमध्ये मॉडेल्सही कमी मिळतात. त्याच गाडीचं साधं, खालचं मॉडेल मात्र बऱ्याचदा लहान रिमवर येतं. माझ्या सीआर-व्हीचंच घ्या, ईएक्सला १८ इंची पण त्याच वर्षीच्या एलएक्सला २३५/६५ आर१७. म्हणजे खुद्द होंडाने त्याच गाडीला १७ इंच लावलेत. तेव्हा हिवाळ्यासाठी १७ इंच घेतलं तर गाडी बिघडायचा प्रश्न नाही, चार टायरमागे मला दोनशे डॉलरच्या वर वाचले. राव-फोरचंही तसंच, एकाच मॉडेलमध्ये २२५/६५ आर१७, २२५/६० आर१८ आणि २३५/५५ आर१९ असे तीन प्रकार कंपनीनेच दिलेत. इथे टायरवाले याला मायनस साइझिंग म्हणतात.

पैशांपलीकडेही याचा फायदा आहे, खरं तर तोच मोठा. रिम लहान झाली की रबराची भिंत उंच होते आणि मार्च महिन्यात बर्फ वितळून इथल्या रस्त्यांना जे खड्डे पडतात (आपले खड्डे आठवावेत असे, फक्त बर्फाच्या पाण्याने भरलेले, त्यामुळे खोली कळत नाही) त्यात रिम वाकायची भीती कमी होते. बारीक भिंतीचा २० इंची टायर अशा खड्ड्यात पडला की रिमला थेट दणका. आणि टायर थोडा अरुंद असला तर मऊ बर्फ आणि चिखलबर्फ कापून खालच्या रस्त्यापर्यंत पोचतो, रुंद टायर त्यावर तरंगायला बघतो. उन्हाळ्यात रुंद टायर भारी, हिवाळ्यात तोच नडतो. पण म्हणून मनाने कितीही अरुंद घ्यायचा नाही, कंपनीने त्या मॉडेलला दिलेल्या साईजमधलाच अरुंद घ्यायचा.

आता मुद्दा हा की रिम एक इंच लहान केली तर भिंत तेवढीच वाढवून टायरचा बाहेरचा एकूण व्यास तोच ठेवायला लागतो. हा हिशोब फोनच्या कॅल्क्युलेटरवर एका मिनिटात होतो, करूनच बघा. १८ इंची साईज, २३५ गुणिले ०.६० म्हणजे १४१ मिमी ही एक भिंत, वरची आणि खालची मिळून २८२. रिम १८ गुणिले २५.४ म्हणजे ४५७.२. बेरीज ७३९.२ मिमी. आता १७ इंची, २३५ गुणिले ०.६५ म्हणजे १५२.७५, दोन्ही मिळून ३०५.५, रिम ४३१.८, बेरीज ७३७.३. फरक जेमतेम दोन मिलिमीटर, म्हणजे काहीच नाही. आणि माझ्या त्या फसलेल्या सेटचा हिशोब, २२५/६५ आर१७, बेरीज ७२४.३, म्हणजे १५ मिमी कमी, साधारण दोन टक्के. साधारण नियम असा की तीन टक्क्यांच्या आत राहिलं तर चालतं, म्हणजे व्यासाच्या बाबतीत तो सेट चालून गेला असता, फक्त स्पीडोमीटरने १०० दाखवलं तर खरा वेग ९८ असता. पण व्यास चालला तरी बाकीचं सगळं चालेल असं नाही ना, तिथेच तर मी अडकलो.

लोड इंडेक्स. एसयूव्हीसाठी हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा आणि लोक सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच्याकडे करतात, कारण तो साईजच्या शेवटी लाजून उभा असतो. १०० म्हणजे एक टायर ८०० किलो पेलतो, १०२ म्हणजे ८५०, १०३ म्हणजे ८७५, १०४ म्हणजे ९००, १०८ म्हणजे १००० किलो. स्टिकरवर किंवा गाडीच्या मॅन्युअलमध्ये जो असेल तेवढा किंवा त्याहून जास्तच घ्यायचा, कमी कधीच नाही. तुम्ही म्हणाल चार गुणिले ८५० म्हणजे ३४०० किलो, आमची गाडी एवढी जड थोडीच आहे. बरोबर, पण गाडीचं वजन चारही चाकांवर सारखं बसत नाही, कॉलिंगवूडला स्कीइंगला निघालात, सात माणसं, डिकीत सामान, छतावर पेटी आणि उतारावर वळणात ब्रेक मारला की सगळा भार पुढच्या बाहेरच्या चाकावर येतो. शिवाय तो आकडा पूर्ण हवा भरलेली असताना असतो आणि थंडीत हवा कमी झालेली असते. राव-फोरचे ते टायर १०२ चे होते, माझ्या गाडीला १०३ लागतो. म्हणजे मधलं भोक बरोबर असतं तरी ते घ्यायला नकोच होते.

एकाच साईजमध्ये दोन लोड इंडेक्स मिळाले आणि एकावर एक्सएल लिहिलेलं असेल तर तो जास्त वजन पेलणारा टायर, तीन रांगांच्या एसयूव्हीला किंवा इलेक्ट्रिकला बऱ्याचदा तोच लागतो कारण बॅटरीचं वजन. आणि आकड्याच्या आधी एलटी लिहिलेला टायर पिकअप ट्रकसाठीचा, कडक, साध्या फॅमिली एसयूव्हीला घेऊ नका, हाडं खिळखिळी होतील.

वेगाचं अक्षर मात्र विंटर टायरमध्ये खाली आलं तरी चालतं. क्यू म्हणजे ताशी १६० किमी, आर १७०, एस १८०, टी १९०, एच २१०. माझ्या गाडीला एच आहे आणि विंटर टायर टी आहेत. ओंटारियोतल्या हायवेवर जास्तीत जास्त ११० ची मर्यादा, तेव्हा १९० चा टायर पुरून उरतो. हे अक्षर आणि लोड इंडेक्स शेजारी शेजारी असतात म्हणून लोक दोन्ही सारखेच समजतात. अक्षरात तडजोड चालते, आकड्यात नाही.

साईज जुळली तरी टायर खरंच विंटरचा आहे ना ते बघा. भिंतीवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाच्या कणाचं चिन्ह असायला हवं. नुसतं एम+एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल-बर्फ) लिहिलेलं असेल तर फसू नका, ते बहुतेक ऑल-सीझन टायरांवरही असतं आणि ते फक्त नक्षी कशी कापलीय एवढंच सांगतं. डोंगराचं चिन्ह मिळवायला टायरला बर्फावर चाचणी पास व्हावी लागते. खरा फरक रबरात असतो. खोबरेल तेलाची बाटली थंडीत कशी थिजते, तसं साधं रबर सात डिग्रीच्या खाली कडक व्हायला लागतं आणि रस्ता धरत नाही, बर्फ असो वा नसो. विंटरचं रबर उणे वीसलाही मऊ राहतं, आणि त्याच कारणाने जुलैत लवकर झिजतं.

"आमची एडब्ल्यूडी आहे, आम्हाला कशाला" (एडब्ल्यूडी म्हणजे ऑल-व्हील ड्राइव्ह, इंजिनाचा जोर चारही चाकांना) हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता हसू येत नाही. एडब्ल्यूडीने गाडी बर्फातून सुटते झकास, पण थांबायच्या वेळी ब्रेक जगातल्या प्रत्येक गाडीचे चारही चाकांनाच लागतात, तिथे एडब्ल्यूडी काय करणार. उलट एसयूव्ही जड, त्यामुळे थांबायला टायरची जास्त गरज. बॅरीच्या बाजूला हायवे ४०० वर ह्युरन सरोवर आणि त्याच्या जॉर्जियन बेवरून येणारा बर्फ एकदम पडदा टाकल्यासारखा येतो, तिथे खंदकात गेलेल्या गाड्यांमध्ये मला एसयूव्हीच जास्त दिसल्यात. आणि चारही टायर सारखेच घ्या, फक्त दोन घेऊन भागवू नका, एडब्ल्यूडीत तर पुढच्या-मागच्या टायरचा व्यास वेगळा झाला की आतली यंत्रणा सतत ओढाताण करत राहते.

रिम्स वेगळ्या घ्याव्यात का? मी म्हणेन हो. दरवर्षी दोनदा एकाच रिमवरून टायर काढा-घाला केलं की मजुरी जाते आणि टायरची कडही दुखावते, चाकासकट सेट असेल तर नुसते नट सोडून चाक बदलायचं. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यात तुमच्या चकाचक अलॉय सडवण्यापेक्षा काळ्या स्टीलच्या रिम्स लावा, दिसतात रिक्षासारख्या पण चालतात. फक्त रिम घेताना चार गोष्टी जुळवा. बोल्टचा पॅटर्न, मधलं भोक, ऑफसेट म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं ते, आणि नटाचा आकार. मधलं भोक लहान असेल तर बसतच नाही, हे मी दाखवलंच. मोठं असेल तर बसतं पण सैल, मग प्लास्टिकची हब रिंग घालावी लागते नाहीतर ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागतं. नटाचं तर फारच फसवं आहे, होंडाच्या मूळ नटाचं टोक गोलाकार असतं, बाहेरून घेतलेल्या बहुतेक रिम्सना निमुळतं लागतं, दोन्हीचे आटे सारखेच असल्यामुळे चुकीचा नटही छान फिरतो, घट्ट वाटतो, आणि नंतर ढिला होतो. रिमसोबत नट मागून घ्या, दहा-वीस डॉलरसाठी चालढकल नको.

ब्रेक मोठे असलेल्या एसयूव्ही, म्हणजे स्पोर्ट व्हर्जन वगैरे, तिथे लहान रिम ब्रेकच्या कॅलिपरला घासू शकते. म्हणून कंपनीने त्याच इंजिन-ब्रेकच्या मॉडेलला सगळ्यात लहान रिम कुठली दिली ते मॅन्युअलमध्ये बघा, त्याच्या खाली जाऊ नका. काही जर्मन एसयूव्हींना पुढे वेगळी आणि मागे वेगळी साईज असते, त्यांना हिवाळ्यासाठी चारही सारखी साईज कंपनीने मान्य केलेली असते का ते डीलरकडे विचारा, असेल तर तीच घ्या.

हवेचा सेन्सर. काही गाड्यांत प्रत्येक चाकात सेन्सर असतो, नवीन सेट घेतला की त्यातही सेन्सर लागतो, नाहीतर डॅशबोर्डवर पिवळा दिवा चार महिने जळत राहतो. माझ्या सीआर-व्हीत चाकात सेन्सर नाहीच, ती एबीएसवरून चाक किती फिरलं त्याचा अंदाज घेते, तेव्हा टायर बदलल्यावर फक्त मेनूतून कॅलिब्रेट करायचं. दुकानदार सेन्सर विकायला बघेल, आधी आपल्या गाडीत कुठला प्रकार आहे ते बघा.

सेकंडहँड टायर घेत असाल तर (मी पुन्हा घेईन, चूक टायरची नव्हती) भिंतीवर डॉट (DOT) या अक्षरांच्या पुढचे शेवटचे चार आकडे वाचा. ३५२२ असेल तर २०२२ सालच्या ३५व्या आठवड्यात बनलेला. आणि नक्षीची खोली मोजा, कायद्याने साधारण दीड मिमीला टायर बाद होतो पण बर्फात चार मिलिमीटरच्या खाली विंटर टायर निव्वळ नावाचा, आपल्या भाषेत गोटा.

ब्रँडचं थोडक्यात, कारण विचारणार तर आहातच. ब्रिजस्टोन ब्लिझॅक, मिशेलिन एक्स-आईस, नोकियन हाक्कापेलिटा, कॉन्टिनेंटल वायकिंग ही नावं इथे सगळीकडे ऐकू येतात आणि सगळ्यांची एसयूव्हीच्या साईजमध्ये मॉडेल्स आहेत. नोकियन म्हणजे फिनलंडमधल्या नोकिया गावची, फोनवाल्या नोकियाच्याच घरातली, आणि पहिला विंटर टायर त्यांनीच १९३४ मध्ये ट्रकसाठी काढला. हाक्कापेलिटा हे नाव दुकानात नीट उच्चारलेलं मी अजून ऐकलं नाही, मी स्वतःही बोट दाखवूनच विचारतो.

कायद्याचं म्हणाल तर ओंटारियोत विंटर टायर सक्तीचे नाहीत, पण १ जानेवारी २०१६ पासून इन्शुरन्स कंपन्यांना विंटर टायरवर सवलत द्यावीच लागते, चारही टायर लागतात आणि बिल जपून ठेवा, फोन करून स्वतः मागावी लागते, आपणहून कोणी देत नाही. क्यूबेकमध्ये नोंदणी असलेल्या गाडीला १ डिसेंबर ते १५ मार्च सक्ती आहे, तेव्हा नोकरीसाठी मॉन्ट्रियलला शिफ्ट होणाऱ्यांनी सामानाच्या यादीत टायर आधी लिहा.

लावायचे कधी? पहिला बर्फ पडायची वाट बघू नका, त्या दिवशी प्रत्येक टायरवाल्याकडे तीन आठवड्यांची वेटिंग असते. सकाळी थर्मामीटर सातच्या खाली राहायला लागला की चढवा, टोरंटोच्या बाजूला हे साधारण दिवाळीच्या आसपासच होतं. दसऱ्याला ऑर्डर, कंदील उतरवायच्या आत टायर गाडीवर, असा आमच्या घरचा हिशोब. चढवल्यावर नट टॉर्क पान्यानेच (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना) आवळा (माझ्या गाडीला ८० फूट-पाउंड), पायाने पान्यावर उभं राहून नाही, आणि शंभर किलोमीटर चालवून झाल्यावर पुन्हा एकदा तपासा. हवा स्टिकरवर जेवढी लिहिलीय तेवढीच, गाडी थंड असताना. पारा पाच-सहा डिग्रीने उतरला की साधारण एक पीएसआय कमी होते, म्हणजे दहा डिग्रीत भरलेली हवा उणे पंधराला चार-पाच पीएसआयने कमी झालेली असते. महिन्यातून एकदा मोजाच.

उतरवलेल्या चाकांवर आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवा, पुढचं डावं, पुढचं उजवं वगैरे, म्हणजे पुढच्या वेळी मागची पुढे घेता येतात. आणि ती राव-फोरची चाकं? दोन आठवड्यांनी ब्रॅम्प्टनहून एकजण घ्यायला आला. पैसे घ्यायच्या आधी मी त्याला त्याच्याच गाडीचं दार उघडायला लावलं, स्टिकर वाचला, २२५/६५ आर१७, मग चाकं डिकीत भरून दिली.